तिसरा ‘हा’

रेवा थोरातच्या पदकातून मुळीककाकांना पत्र्याची एक शेड मिळणार होती. नगरसेवक पिसाळांना पेपरात फोटो मिळणार होता, तोही निवडणुकीच्या तोंडावर. बोंद्रे सरांना ‘माझ्याकडे गणिताला होती’ असं उरलेला जन्मभर म्हणायची सोय. इनामदार आजींना पुण्याची सहल. आणि मला कराड ते पुणे, पुणे ते कराड अशी एकाच बसमध्ये अडकलेली बावीस माणसं, ज्यांना मध्येच उठून जाता येत नाही. विमा विकणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

रेवाला काय मिळणार होतं, हा प्रश्न त्या सकाळी कुणाला सुचलाच नव्हता.

“हात वर! अजून वर! बोंद्रे सर, बगलेत काय लपवलंय?” मुळीककाका पुण्याच्या हॉलमधल्या प्रेक्षकांच्या स्टँडच्या पहिल्या पायरीवर उभे राहून ओरडत होते. सगळं आयुष्य एसटीत कंट्रोलर म्हणून गेलेलं, त्यामुळे त्यांच्या साध्या बोलण्यातही कुठली तरी गाडी फलाटाला लागत असायची. “एकदा होऊन जाऊ दे. हो हो, हा हा हा!”

“हो हो, हा हा हा!” बावीस जणांनी टाळ्या वाजवून म्हटलं. खाली रिंकवर सराव करणाऱ्या मुंबईच्या दोन मुली दचकून वर बघायला लागल्या.

आमचा हास्यक्लब. कराडच्या नगरपालिकेच्या बागेत रोज सकाळी भरायचा, स्केटिंगच्या रिंकला अगदी चिकटून. मी त्यात हसायला गेले नव्हते. पन्नाशी ओलांडलेली, पेन्शन चालू असलेली आणि तब्येतीला घाबरलेली माणसं रोज एका जागी सापडतात म्हणून गेले होते. पण रेवाला मी पहिल्या दिवसापासून बघत होते. तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचे शेख सर तिला पलीकडून उडी शिकवायचे आणि अलीकडून आमचं हो हो, हा हा हा चालू असायचं. पोरीला ताल सापडला तो आमच्याकडून. लांब उलटी घसरत यायची, दोन ‘हो’ला वळायची आणि तिसऱ्या ‘हा’ला तिचे पाय जमीन सोडायचे. आम्हाला हे लक्षात आलं तेव्हा क्लबात नवी पद्धतच सुरू झाली. रेवा उलटी घसरायला लागली की व्यायाम कुठलाही चालू असो, मुळीककाका हात वर करणार आणि सगळे रेवासाठी हसणार. तिसऱ्या ‘हा’ला आमची पोरगी हवेत. हवेत दोन गिरक्या घ्यायची. अख्ख्या जिल्ह्यात तशी उडी कुणाकडे नव्हती, आणि निम्मी उडी आपलीच आहे असं आम्हा प्रत्येकाला वाटायचं.

मग आदल्या हिवाळ्यात त्याच उडीतून उतरताना तिच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. कठड्यावरून सगळ्यात आधी आत उडी मारली ती मुळीककाकांनी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. रेवाची आई नर्स, तिच्या ड्यूट्या कधी सकाळी, कधी रात्री. ऑपरेशननंतर व्यायामासाठी रोज रेवाला स्कूटरवरून दवाखान्यात नेलं आणि आणलं ते काकांनीच. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात नाहीतरी वाट बघणारं कुणी नव्हतं.

आणि आता राज्य स्पर्धा. दुखापतीनंतर रेवा पहिल्यांदा उतरणार होती. बस पिसाळांनी दिली होती, पिवळे टी-शर्टही त्यांनीच. टी-शर्टवर पुढे उडी मारणारी रेवा आणि मागे हात जोडलेले पिसाळ.

“पदक आलं की शेड पक्की ना साहेब?” मुळीककाकांनी बसमध्ये सगळ्यांसमोर विचारून घेतलं होतं.

“पदक आलं की रिंकला छप्पर आणि तुम्हाला शेड. बागेतले योगावाले बसतील उन्हात,” पिसाळ म्हणाले होते. “पण ती उडी होणार ना?”

“माझा शब्द,” काका म्हणाले होते.

तर आमचं हो हो चालू असतानाच स्पर्धेची एक मुलगी स्टँडवर येऊन माझ्या कानाशी म्हणाली, “विमाताई तुम्हीच का? थोरातनं बोलावलंय. एकट्याच या म्हणाली.”

कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात रेवा स्केट्स घालून भिंतीला टेकून उभी होती. निळा झगा, केस घट्ट बांधलेले. उजवा पाय पुढे-मागे, पुढे-मागे करत होती. चाकं फरशीवर खरखरत होती.

“काकू, एक काम होतं. पण आधी सांगा, खोटं बोलाल?”

“कुणाशी?”

“सगळ्यांशी.”

“सवय आहे. बोल.”

ती हसली नाही. “मी आज दोन गिरक्यांची उडी मारणार नाहीये. एकच. डॉक्टरांनी अजून सहा महिने दोनची बंद केलीये. आत्ता गुडघा परत गेला, तर म्हणाले, ऑपरेशन करून चालता येईल. स्केटिंग विसरायचं.”

“मग मारू नकोस. त्यात काय?”

“मी कुठे मारते? तुम्ही मारता.”

मला कळलं नाही. तिनं पाय थांबवला.

“गेल्या आठवड्यात बागेत एकच मारायची ठरवून निघाले होते. शेख सर समोर उभे. तुम्ही हो हो सुरू केलं आणि मी दोन मारून खाली आले. कशी उतरले देवाला माहीत. सर त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीयेत. त्यांना वाटतं मी त्यांचं ऐकत नाही. मी ऐकते हो. पाय तुमचं ऐकतात.”

“मग मुळीककाकांना सांग ना सरळ. तेच तर सुरू करतात.”

“नको!” ती एवढ्या जोरात म्हणाली की बोळातून जाणारा एक परीक्षक थबकला. मग हळू आवाजात म्हणाली, “त्यांना सांगितलं तर ते इथे येतील. रागावणार नाहीत. डोक्यावर हात ठेवतील आणि म्हणतील, बाळा, एवढी एकदाच. आणि मी मारीन. मी काकांना नाही म्हणूच शकत नाही, काकू. पाऊस असो, ऊन असो, रोज स्कूटर घेऊन दारात. कुठल्या तोंडानं म्हणू? तुम्ही काहीतरी कारण काढा. फक्त त्या उडीला सगळे गप्प बसले पाहिजेत. काकांना खरं सांगणार नाही ना?”

मी तिचा खांदा थोपटला. हो म्हणाले नाही. आमच्या धंद्यात तोंडी वचन देत नाहीत.

स्टँडवर परत आले तेव्हा रेवाची पाळी यायला सहाच मुली बाकी होत्या. मी जाहीर केलं, “ऐका, आत्ताच कळलं. नवा नियम आलाय. कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांनी आवाज केला तर त्या मुलीचे गुण कापतात.”

चांगलं खोटं होतं. पण बोंद्रे सर हा माणूस असा की रिक्षाच्या मीटरलाही पायऱ्या मांडून दाखवायला लावतील. ते उठले, खाली गेले, आयोजकांपैकी कुणाला तरी गाठलं आणि आनंदानं फुलून परत आले.

“असा काही नियम नाही! उलट म्हणाले, जोरात प्रोत्साहन द्या, वातावरण तयार होतं.”

“विमाताई, पॉलिसीतला बारीक टाइप वाचून दाखवला का आम्हाला?” पिसाळ म्हणाले, आणि सगळे हसले. हसायला तर ते काय, तयारच होते.

मी दुसरा डाव टाकला. “नियम नसू दे. पण आज आपण मूकहास्य केलं तर? तोंड मिटून, नुसते हात वर. किती शिस्तीचं दिसेल.”

“तोंड मिटून बसायला एवढ्या लांब आलो का?” मागून कुणीतरी म्हणालं.

“आजींना विचारा, आजी काय म्हणतात!”

इनामदार आजींना ऐकू येत नव्हतं. त्या मशीन लावत नसत, कारण त्यानं सुनेचं बोलणंही ऐकू येतं असं त्यांचं म्हणणं होतं. सगळे आपल्याकडे बघतायत हे बघून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “हो हो!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

आणखी एक मुलगी झाली. तिला गुण मिळाले. पाच उरल्या. मी मुळीककाकांचा पिवळा शर्ट ओढला आणि त्यांना जिन्याजवळच्या पाण्याच्या टाकीपाशी नेलं.

“काय झालं? कुणाला चक्कर आली का?”

मी सगळं सांगितलं. डॉक्टर, सहा महिने, पाय. त्यांनी पेला नळाखाली धरला होता. तो भरून वाहायला लागला तरी नळ बंद केला नाही.

“शेख म्हणाला असं?”

“रेवा म्हणाली.”

“मग मला का नाही सांगितलं तिनं?”

“तुम्हाला नाही म्हणता येत नाही तिला.”

“मी कधी जबरदस्ती केलीये तिच्यावर? एकदा तरी? विमाताई, तुम्ही रोज बघता.”

“नाही केली. म्हणूनच येत नाही तिला नाही म्हणता.”

त्यांनी पेला न पिता ओतून टाकला. आत संगीत संपल्याचा, टाळ्यांचा आवाज आला. आणखी एक कमी झाली.

“पिसाळांना शब्द दिलाय मी,” ते म्हणाले. “शेडचं सोडा. या लोकांना काय सांगू? गप्प बसा? आणि का म्हणून विचारलं तर? ती घाबरली म्हणून सांगू? बावीस जणांच्या तोंडी गेलं की संध्याकाळपर्यंत कराडभर होईल. थोरातची पोरगी घाबरली.”

“मग काय करायचं?”

“चला. वेळ झाली,” ते म्हणाले आणि माझ्या पुढे जिना चढून गेले.

स्टँडवर त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, “मी हात वर केल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. कळलं? माझ्या हाताकडे बघायचं.”

“आज काकांची शिट्टी, आज काकांचा झेंडा!” बोंद्रे सर म्हणाले.

मला काहीच अंदाज येईना. हात वर करणार की नाही? मी माणसांचे चेहरे वाचून पोट भरते, पण काकांच्या चेहऱ्यावर त्या वेळी काहीच लिहिलेलं नव्हतं. ते कठड्याला पोट टेकून उभे होते, हात पाठीमागे बांधलेले. पिसाळ त्यांच्या शेजारी, मोबाइलवर चित्रण करायला सज्ज.

“सातारा जिल्हा, रेवा थोरात.”

ती आली. पहिल्या अर्ध्या मिनिटात मला वाटलं, उगीच घाबरलो आपण. काय सुरेख घसरत होती! उजव्या पायावर जरा जपून, पण ते आम्हालाच कळत होतं. एक गिरकी, दुसरी गिरकी, मग बसून घ्यायची गिरकी, तीही झाली. काकांचे हात पाठीमागेच. पिसाळांनी कोपरानं ढोसलं, “काका, तयार राहा.” काका हलले नाहीत.

मग ती समोरच्या टोकाला गेली आणि पाठ आमच्याकडे करून लांब उलटी घसरायला लागली.

सगळ्यांनी काकांच्या हाताकडे बघितलं. एकटीनं बघितलं नाही. इनामदार आजींनी काकांची सूचना ऐकलीच नव्हती. त्या रेवाकडे बघत होत्या, आणि रेवा उलटी निघाली की काय करायचं हे त्यांना आठ वर्षं पाठ होतं.

“हो!” आजी ओरडल्या. पहिली टाळी.

बस, तेवढंच पुरलं. शेजारच्या तिघांनी उचललं, मागच्यांनी उचललं, “हो!” दुसरी टाळी, सगळ्या स्टँडची. खाली रेवाची मान किंचित वळलेली मला दिसली. तिचा उजवा गुडघा खाली गेला. खोल गेला. एका गिरकीला एवढं खाली जायची गरज नसते, हे आठ वर्षांत मलासुद्धा कळायला लागलं होतं.

आणि मुळीककाकांनी सिंहहास्य केलं.

हास्यक्लबात सिंहहास्य म्हणजे डोळे फाडून, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढून, हातांचे पंजे करून पोटातून गर्जना करायची. ओळखीच्या माणसांत करायचा प्रकार आहे तो. काकांनी तो कठड्यावर अर्धे ओणवून, सगळ्या हॉलसमोर केला. एसटी स्टँडवरचा चाळीस वर्षांचा आवाज त्यात ओतला. पहिल्या ‘हा’च्या आधी सुरू केला, दुसऱ्या ‘हा’च्या अंगावर घातला, ताल नाही, तोल नाही, नुसतं “आऽऽऽहाहाऽऽऽ!” आमच्या टाळ्या सैरावैरा झाल्या. कुणाचा ‘हा’ आधी, कुणाचा नंतर, निम्म्यांचा घशातच. तिसरा ‘हा’ आलाच नाही.

रेवा उडाली. एकच गिरकी. चुकीच्या क्षणी, वेडीवाकडी. उतरताना डावा हात जमिनीला टेकला. पण उतरली, दोन्ही पायांवर.

काका थांबले नाहीत. ती पुढची वळणं घेऊन मध्यावर येईपर्यंत गर्जत राहिले, म्हणजे क्लबाला परत ताल धरता येऊ नये. निम्मा हॉल खदखदून हसत होता. पुढच्या रांगेतलं एक पोर त्यांची नक्कल करत जीभ काढून दाखवत होतं. माइकवरून आवाज आला, “पिवळ्या शर्टातल्या ज्येष्ठ नागरिकांनी कृपया शांतता राखावी.” पिसाळांनी मोबाइल खाली केला आणि दोन खुर्च्या सोडून जाऊन बसले.

“काका, अहो, काय हे?” बोंद्रे सरांचा चेहरा लाल झाला होता. “पोरीची वाट लावली तुम्ही!”

काकांनी रुमालानं तोंड पुसलं.

रेवा चौथी आली. तिसरीच्या आणि तिच्या गुणांत हात टेकला नसता तर भरून निघाला असता एवढाच फरक होता. राज्याच्या संघात पहिल्या तिघी जात. शेख सर म्हणे पुन्हा पुन्हा म्हणत होते, “चौथी तर चौथी, पायांवर आली.” पण ते ऐकायला आमच्या स्टँडवर कुणी तयार नव्हतं.

स्केट्स हातात घेऊन, नुसत्या मोज्यांवर रेवा जिना चढून वर आली. सगळे बाजूला झाले. ती थेट काकांसमोर उभी राहिली.

“विमाताईंनी तुम्हाला सांगितलं होतं ना, गप्प बसा म्हणून?”

“सांगितलं होतं,” काका म्हणाले.

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

“मग?”

“राहवलं नाही.”

“राहवलं नाही? सगळा हॉल हसत होता माझ्यावर! आठ महिने, काका! तुम्हाला माहितीये ना मी काय काय केलं ते? तुम्हीच होतात ना रोज?” तिचा आवाज फाटला. “एक गोष्ट मागितली होती मी. एक.”

“बरोबर आहे तुझं.”

“परत माझ्या स्पर्धेला येऊ नका. बागेतही येऊ नका माझा सराव चालू असताना. नको मला.”

“बरं,” काका म्हणाले.

ती वळली आणि गेली. जिन्यावरून उतरताना बघितलं मी, उजवा पाय आधी टाकत होती, न अडखळता.

परतीच्या बसमध्ये मुळीककाकांच्या शेजारी कुणी बसलं नाही. साताऱ्याजवळ चहाला थांबलो तेव्हा ते बसच्या मागे एकटेच उभे होते. मी दोन कप घेऊन गेले.

“मी उद्या तिला खरं सांगणार आहे,” मी म्हणाले. “तुम्ही काही बोलू नका.”

“सांगू नका.”

“का? फुकटच्या शिव्या खाणार का?”

त्यांनी चहात फुंकर मारली. “आज म्हणाली ना ती मला नाही? किती स्वच्छ म्हणाली. तुम्ही सांगितलंत की रडत येईल, पाया पडेल, आणि परत एकदा माझ्या उपकारात जाऊन बसेल. मग पुढच्या वेळी मला वाटलं, की आता मारावी हिनं दोनची उडी, तर?” त्यांनी कप तसाच माझ्या हातात परत दिला. “मला वाटेलच हो, विमाताई. मी माझ्याकडून खात्री देऊ शकत नाही.”

मी कप घेऊन परत फिरले. शपथ वगैरे त्यांनी घातली नाही. घालायची गरजही नव्हती.

शेड झाली. योगावाल्यांना मिळाली. पिसाळ निवडून आले, त्यांचं शेडच्या फोटोवरही भागलं. क्लबानं बोंद्रे सरांना अध्यक्ष केलं. त्यांनी सिंहहास्य यादीतून काढून टाकलं आणि रेवासाठीची टाळीही बंद केली. इनामदार आजींना सुरुवात त्यांनी केली होती हे कधीच कुणी सांगितलं नाही. त्या मरेपर्यंत म्हणायच्या की पुण्याची सहल फार छान झाली. रेवानं सहा महिने एकच गिरकी मारली, शांतपणे, फक्त चाकांच्या आवाजात. मग दोन मारल्या. पुढची तीन वर्षं राज्याच्या संघात होती. मुळीककाका सकाळचे नदीकाठानं फिरायला लागले, बाग टाळून. तिकडे हसायला कुणी नव्हतं.

तिच्या लग्नाचं आमंत्रण सगळ्या क्लबाला होतं, एक घर सोडून. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी काकांच्या हप्त्याची पावती द्यायचं निमित्त काढून गेले. त्यांनी खुर्ची पुढे केली, मग स्वतः उभेच राहिले.

“स्टेजवर किती वेळ होती?”

“तीन तास तरी. गर्दी फार होती.”

“उभीच?”

“उभीच.”

“मध्ये खुर्ची मागितली का? पाय बदलत होती का सारखा?”

“नाही. शेवटी शेवटी तर नाचलीसुद्धा.”

त्यांनी मान हलवली आणि पावती न बघताच घडी घालून खिशात ठेवली.

त्या मांडवात चारशे माणसं जेवली. रेवा तीन तास दोन्ही पायांवर सरळ उभी होती. तिच्या त्या उभं राहण्याची किंमत ज्यानं भरली, फक्त त्याला जेवायला बोलावलं नव्हतं.